डिजिटल स्लाइड शोमधील छायाचित्रांची सुस्पष्टता

संगणक, दूरचित्रवाणी संच किंवा प्रोजेक्टर यांच्या साहाय्याने एकामागून एक दाखवल्या जाणाऱ्या छायाचित्रांतील कडा, पोत आणि बारीक तपशील मूळ छायाचित्राप्रमाणेच पडद्यावर टिकून राहणे, यास डिजिटल स्लाइड शोमधील छायाचित्रांची सुस्पष्टता असे म्हणतात. व्यवहारात तिला 'शार्पनेस' हा शब्द रूढ आहे. कॅमेऱ्यातून स्वच्छ आलेले छायाचित्र सभागृहातील पडद्यावर धूसर दिसले, तर दोष बहुधा छायाचित्रकाराला किंवा प्रोजेक्टरच्या भिंगाला दिला जातो. पुष्कळदा तो दोघांचाही नसतो. कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंतच्या वाटेवर छायाचित्राचा आकार अनेकदा बदलला जातो व ते अनेकदा दाबून साठवले जाते. अशा प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा तपशील गळत जातो. आकार शक्यतो एकदाच आणि पडद्याच्या मापाने बदलावा, व त्यानंतर वाटेतील कोणत्याही साधनाने तो पुन्हा बदलू नये, हे या विषयातील मुख्य सूत्र आहे.

पार्श्वभूमी

पडद्यावर चित्रांची मालिका दाखवून कथा सांगण्याची प्रथा महाराष्ट्रात चित्रपटापूर्वीची आहे. महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांच्या पुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवली जात. त्या खेळात सुस्पष्टता चित्रकाराच्या कुंचल्यावर आणि भिंगाच्या जुळणीवर अवलंबून होती. मधल्या कोणत्याही टप्प्यावर चित्राची नक्कल होत नसे. काचेवर जे रंगवले, त्याचीच सावली पडद्यावर पडे.

विसाव्या शतकात ३५ मिलिमीटर फिल्मच्या पारदर्शिका प्रचारात आल्या. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली ३६ × २४ मिलिमीटरची पारदर्शिका प्रोजेक्टरमध्ये सरकवली जाई. दिव्याच्या उष्णतेने फिल्म किंचित फुगे आणि चित्र दाखवत असतानाच फोकसबाहेर जाई, तेव्हा सादरकर्त्याला भिंग पुन्हा फिरवावे लागे. कोडॅक कंपनीने आपल्या प्रसिद्ध कॅरूसेल जातीच्या प्रोजेक्टरचे उत्पादन २००४ साली थांबवले.

त्याच सुमारास लग्नसमारंभांची छायाचित्रे संगीतासह व्हिडिओ सीडीवर उतरवून देण्याची पद्धत शहरोशहरी पसरली होती. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीच्या व्हिडिओ सीडीतील चित्र ३५२ × २८८ पिक्सेलचे, म्हणजे जेमतेम एक लाख पिक्सेलचे असे. डीव्हीडीवर ते ७२० × ५७६ पर्यंत गेले. अनेक कुटुंबांत त्या काळातील अल्बम हरवले आणि तबकडी तेवढी उरली. अशा ठिकाणी मूळ तपशील परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही. चित्र मोठे करता येते, पण त्यात नसलेले डोळ्यांतील भाव किंवा साडीचा काठ त्यातून काढता येत नाही. मोठे करणारी आधुनिक साधने जी भर घालतात, ती अनुमानाने रचलेली असते.

सुस्पष्टतेचे घटक

सुस्पष्टता ही दोन गोष्टींनी मिळून बनते. पहिली तपशिलाची बारकाई, म्हणजे एकमेकींशेजारच्या दोन रेषा वेगळ्या दिसणे. दुसरी कडेची तीव्रता, म्हणजे काळ्याकडून पांढऱ्याकडे जाताना मध्ये किती करडा पट्टा येतो ते. डोळा दुसऱ्या गोष्टीने सहज फसतो. कमी तपशिलाचे पण तीव्र कडांचे चित्र दुरून अधिक स्पष्ट भासते, तर भरपूर तपशील असलेले पण फिक्या कडांचे चित्र मऊ वाटते. उजेड असलेल्या सभागृहात पडद्यावरील काळा रंग करडा होतो. तेथे छायाचित्रात काहीही न बदलता त्याची सुस्पष्टता कमी झाल्यासारखी वाटते. नागपुरातील दीक्षाभूमीच्या पांढऱ्या घुमटाचे भर दुपारच्या आकाशापुढील छायाचित्र अशा खोलीत दाखवले, तर घुमटाची कड जवळजवळ नाहीशी होते. त्यावर उपाय खिडकीचा पडदा ओढणे हाच असतो.

छायाचित्र घेतानाच जी धूसरता येते, ती नंतरच्या कोणत्याही प्रक्रियेने पूर्ण जात नाही. हात हलणे, फोकस चुकणे ही कारणे सर्वपरिचित आहेत. विदर्भात त्यांत उन्हाळ्याची भर पडते. ताडोबा किंवा पेंचच्या जंगलात मे महिन्यात दूरच्या प्राण्याचे छायाचित्र लांब पल्ल्याच्या भिंगाने घेतले, तर तापलेल्या जमिनीवरील हवेच्या थरथरीमुळे ते फोकस अचूक असूनही लिबलिबीत येते. महागडे भिंग येथे कामास येत नाही. सकाळची वेळ आणि कमी अंतर यांचाच उपयोग होतो.

पिक्सेलांचा हिशेब

डिजिटल छायाचित्र हे पिक्सेलांच्या आडव्या-उभ्या ओळींचे बनलेले असते, आणि पडदाही तसाच असतो. प्रत्येक पडद्याची एक मूळ पिक्सेलसंख्या ठरलेली असते. पूर्ण एचडी दूरचित्रवाणी संचाची ती १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख असते, तर फोर-के संचाची ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. शाळा-महाविद्यालयांत आढळणारे जुने प्रोजेक्टर पुष्कळदा १०२४ × ७६८ किंवा १२८० × ८०० पिक्सेलचे असतात. याउलट साध्या मोबाइलमधील १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र ४००० × ३००० पिक्सेलचे, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेलचे असते.

हे छायाचित्र पूर्ण एचडी पडद्यावर पूर्ण उंचीने बसवले, तर ते १४४० × १०८० पिक्सेलांत मावते आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलांचे काळे पट्टे राहतात. १ कोटी २० लाख पिक्सेलांतून १५ लाख ५५ हजार शिल्लक राहतात. मुळातल्या सुमारे पावणेआठ पिक्सेलांचा मिळून पडद्यावर एक पिक्सेल होतो. ही घट अपरिहार्य आहे. ती कोण करणार आणि कोणत्या रीतीने करणार, एवढेच ठरवणे सादरकर्त्याच्या हाती असते. काळे पट्टे नकोत म्हणून छायाचित्र ताणून रुंद करणे हा सर्वांत वाईट पर्याय होय. त्याने माणसे जाड दिसतात आणि उभ्या कडा फिक्या होतात. कापून बसवायचे असेल तर ४००० × २२५० एवढा भाग ठेवावा लागतो, म्हणजे उंचीचा चौथा हिस्सा सोडावा लागतो.

या संदर्भात 'तीनशे डीपीआय' या शब्दप्रयोगाने बराच गोंधळ माजवला आहे. इंचामागे किती ठिपके हे प्रमाण कागदावरील छपाईसाठी अर्थपूर्ण आहे. पडद्यासाठी फाइलमध्ये ७२ लिहिले आहे की ३००, याने काहीही फरक पडत नाही. १४४० × १०८० पिक्सेलचे छायाचित्र दोन्ही वेळा तेवढेच राहते.

अधिक पिक्सेलांचा लाभ प्रेक्षकाला कितपत होतो, हे त्याच्या अंतरावर अवलंबून असते. निरोगी डोळा साधारणपणे एक कोनीय मिनिटाइतका भेद ओळखतो. सहा फूट रुंदीच्या पडद्यावर १९२० पिक्सेल असतील, तर एक पिक्सेल सुमारे ०.९५ मिलिमीटरचा होतो आणि साधारण ११ फुटांपलीकडून तो वेगळा दिसत नाही. त्याच पडद्यावर १०२४ पिक्सेल असतील, तर हे अंतर सुमारे २० फुटांवर जाते. लहान वर्गखोलीतील बहुतेक विद्यार्थी या २० फुटांच्या आत बसलेले असतात.

उदाहरण : वाकाटककालीन लेखांतील अक्षरे

सुस्पष्टता हा केवळ देखणेपणाचा प्रश्न नाही, हे नागपूर परिसरातील एका अभ्यासविषयावरून चांगले समजते. वाकाटक राजवंशाची एक राजधानी नंदिवर्धन ही होती. रामटेकजवळचे नगरधन म्हणजेच हे स्थान असे सामान्यतः मानले जाते. वाकाटकांचे बहुतेक ताम्रपट ब्राह्मीच्या 'पेटिकाशीर्ष' या प्रकारात कोरलेले आहेत. या प्रकारात अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी असते. काही लेखांत ती आतून पोकळ, तर काहींत भरीव असते. नागपूरचे प्राच्यविद्या-पंडित वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादित केलेला वाकाटकांच्या कोरीव लेखांचा संग्रह १९६३ साली 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम' या ग्रंथमालेचा पाचवा खंड म्हणून प्रसिद्ध झाला. लिपीचा अभ्यास करणाऱ्याला पेटी पोकळ आहे की भरीव, हे पाहावेच लागते.

समजा, २० सेंटिमीटर रुंदीच्या ताम्रपटाचे छायाचित्र चौकट भरून घेतले आणि ते ४००० पिक्सेल रुंद आहे. तेव्हा प्रत्येक मिलिमीटरला २० पिक्सेल मिळतात. एक मिलिमीटर बाजूची पेटी २० पिक्सेलांत मांडली जाते आणि तिची पोकळी स्वच्छ दिसते. तेच छायाचित्र १०२४ पिक्सेल रुंदीच्या प्रोजेक्टरवर पूर्ण दाखवले की पेटीच्या वाट्याला सुमारे ५ पिक्सेल येतात. कोणाकडून तरी आलेली ६४० पिक्सेल रुंदीची प्रत वापरली, तर तीनच पिक्सेल उरतात, दोन कडांसाठी आणि एक पोकळीसाठी. ही प्रत प्रोजेक्टरच्या मापाला ताणली गेली की तो मधला एक पिक्सेलही शेजाऱ्यांत मिसळून करडा होतो. वर्गातील विद्यार्थी पोकळ पेटीला भरीव समजून वहीत उतरवतो, आणि पडद्यावर तर तसेच दिसत असल्याने त्याला चूक दाखवणेही कठीण जाते.

संपूर्ण पत्रा एकाच स्लाइडवर दाखवण्याचा आग्रह येथे सोडावा लागतो. पहिल्या स्लाइडवर पूर्ण पत्रा ठेवावा. पुढच्या स्लाइडसाठी मूळ फाइलमधून ५ सेंटिमीटर रुंदीचा, म्हणजे १००० पिक्सेलांचा भाग कापून घ्यावा. हा भाग १०२४ पिक्सेलांच्या पडद्यावर जवळजवळ जसाच्या तसा बसतो आणि २० पिक्सेलांची पेटी पुन्हा २० पिक्सेलांची होते. कापण्याचे काम मूळ फाइलवरच झाले पाहिजे. आधीच लहान केलेल्या प्रतीतून भाग कापून मोठा केल्यास काहीही साधत नाही.

आकार घटवणे आणि धार देणे

आकार घटवताना संगणक नव्या प्रत्येक पिक्सेलची किंमत जुन्या पिक्सेलांवरून काढतो. सर्वांत सोप्या रीतीत जवळचा एक पिक्सेल उचलला जातो. तिने तिरप्या रेषा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात, आणि विटांची भिंत, जाळी किंवा बारीक चौकड्यांचे कापड यांवर नसलेले लाटांसारखे पट्टे उमटतात. 'बायक्युबिक' व 'लँक्झॉस' या रीतींमध्ये आजूबाजूच्या अनेक पिक्सेलांचा भारित हिशेब केला जातो, म्हणून छायाचित्रांसाठी त्या अधिक योग्य ठरतात. गिंपसारख्या विनामूल्य आज्ञावलीत रीत निवडण्याची सोय आहे. स्लाइड शो चालू असताना सादरीकरणाची आज्ञावली किंवा दूरचित्रवाणी संच हेच काम घाईने करतो आणि तेथे निवडीला वाव नसतो. आकार आधीच, स्वतः घटवून ठेवावा असे सुचवले जाते ते याच कारणाने.

चांगल्या रीतीने घटवलेले छायाचित्रही थोडे मऊ होते. त्यास शेवटी धार द्यावी लागते. यासाठी 'अनशार्प मास्क' हे साधन वापरतात. नावात 'अनशार्प' असूनही ते धार वाढवते, याचे अनेकांना नवल वाटते. हे नाव फिल्मच्या काळातील अंधारखोलीतून आले आहे. तेथे निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत तिच्याशी जुळवून छापले जाई आणि त्यामुळे कडा उठून दिसत. संगणकात या साधनाला तीन मापे असतात : किती जोर द्यायचा, कडेपासून किती अंतरापर्यंत द्यायचा आणि किती फरक असेल तरच द्यायचा. पडद्याच्या मापाला आणलेल्या छायाचित्रासाठी अंतर अर्ध्या ते एक पिक्सेलाच्या आसपास पुरते. ते वाढवले की माणसांभोवती आणि इमारतींभोवती पांढरी झालर दिसू लागते, आकाशातील दाणे वर येतात आणि चेहऱ्यावरील त्वचा खरखरीत होते. तिसरे माप थोडे वाढवल्यास त्वचा व आकाश यांसारखे सपाट भाग वाचतात.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी उजेड-रंगाची दुरुस्ती, मग काप, मग आकार, आणि सर्वांत शेवटी धार. आधी धार देऊन मग आकार घटवला, तर दिलेली धार घटवताना वाया जाते.

संक्षेप आणि रंगांच्या कडा

बहुतेक छायाचित्रे जेपीईजी या प्रकारात साठवली जातात. १९९२ साली प्रमाणित झालेल्या या पद्धतीत चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील सूक्ष्म बदल कमीअधिक प्रमाणात टाकून दिले जातात. फाइल उघडून, फेरफार करून पुन्हा साठवली की ही काटछाट नव्याने होते. त्यामुळे वारंवार साठवलेल्या छायाचित्रात अक्षरांभोवती डासांच्या थव्यासारखे ठिपके जमतात. मूळ फाइल न बदलता तिची प्रत करावी, आणि अंतिम प्रत ९० किंवा त्याहून अधिक दर्जाने एकदाच साठवावी, एवढ्याने हा त्रास बहुतांशी टळतो.

याच पद्धतीतील दुसरी काटकसर कमी परिचित आहे. मानवी डोळा उजेडातील फरक बारकाईने पाहतो, रंगातील फरक तितक्या बारकाईने पाहत नाही. याचा फायदा घेऊन उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलसाठी, पण रंगाची माहिती पुष्कळदा दर चार पिक्सेलांमागे एकदाच ठेवली जाते. बहुतेक व्हिडिओ फाइलींमध्येही हेच असते. सामान्य दृश्यांत हे लक्षातही येत नाही. मात्र दोन रंगांचा उजेड जवळपास सारखा आणि रंग मात्र पूर्ण भिन्न असेल, तर त्यांमधील कड केवळ रंगाच्या माहितीवर उभी असते आणि ती पसरते.

गडद हिरव्या पानांवरील लाल फूल किंवा काळ्या पृष्ठभागावरील लाल रेघ ही याची नेहमीची उदाहरणे होत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीची छायाचित्रे या दृष्टीने कसोटी पाहणारी असतात. भडक रंगांचे पुतळे, गुलाल, दाटलेली गर्दी आणि सतत हालचाल एकाच चौकटीत येते. पिवळा रंग उजळ असल्याने काळ्यापुढे त्याची कड शाबूत राहते. लाल व निळा हे कमी उजेडाचे रंग असल्याने त्यांची कड विरघळते. अशा छायाचित्रांसाठी संक्षेप करताना रंगाची माहिती पूर्ण ठेवण्याचा पर्याय निवडावा. गिंपमध्ये जेपीईजी साठवतानाच्या खिडकीत तो उपलब्ध असतो.

देवनागरी मथळे

हाच दोष छायाचित्रावर लिहिलेल्या मथळ्यांत अधिक जाणवतो, आणि देवनागरीला त्याची झळ रोमन लिपीपेक्षा अधिक बसते. देवनागरीत अर्थ बदलणारी चिन्हे शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली असतात व ती मुख्य अक्षरापेक्षा बरीच लहान असतात. २४ पिक्सेल उंचीच्या मजकुरात अनुस्वार दोन-तीन पिक्सेलांचा उरतो. संक्षेपात तो गेला की 'आंबा'चा 'आबा' होतो, रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात, ऱ्हस्व-दीर्घ उकार सारखेच दिसू लागतात.

म्हणून मथळा छायाचित्रात भाजून टाकू नये. तो सादरीकरणाच्या आज्ञावलीत स्वतंत्र मजकूर म्हणून ठेवावा. असा मजकूर पडद्याच्या मापाने दर वेळी नव्याने रेखला जातो. मथळा चित्रातच हवा असेल तर त्या स्लाइडसाठी पीएनजी प्रकार वापरावा, कारण त्यात काटछाट होत नाही. काळ्यावर लाल अक्षरे टाळून काळ्यावर पांढरी किंवा पिवळी वापरावीत. दुसऱ्या संगणकावर सादरीकरण करायचे असल्यास वापरलेला फॉन्ट तेथे आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे लागते. नाही तर जोडाक्षरे तुटतात आणि ओळी सरकतात.

सादरीकरणाच्या आज्ञावली

मायक्रोसॉफ्ट पॉवरपॉइंटमध्ये छायाचित्र घातले की फाइल साठवताना ते ठरावीक मर्यादेपर्यंत घटवले जाऊ शकते. आजच्या रुंद स्लाइडचे माप १३.३३ × ७.५ इंच धरलेले असते. त्यामुळे पूर्ण स्लाइड व्यापणारे छायाचित्र इंचामागे २२० या मर्यादेत सुमारे २९३३ × १६५० पिक्सेलचे उरते, १५० मध्ये २००० × ११२५ चे, आणि ई-मेलसाठीच्या ९६ या मर्यादेत केवळ १२८० × ७२० चे. शेवटचा पर्याय पूर्ण एचडी पडद्यासाठी अपुरा आहे. फाइल लहान करण्याच्या नादात तो निवडला जातो आणि नंतर मूळ आकार त्या फाइलमधून परत मिळत नाही. 'फाइल'मधील 'ऑप्शन्स' व त्यातील 'ॲडव्हान्स्ड' या भागात प्रतिमा न दाबण्याचा पर्याय असतो. छायाचित्रे घालण्यापूर्वीच तो निवडावा. तो त्या-त्या फाइलपुरता लागू होतो, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये प्रतिमा आहे तशी ठेवली जाते. ती घटवण्याची आज्ञा वापरकर्त्याने द्यावी लागते.

चित्र पेस्ट करण्याऐवजी 'इन्सर्ट' आज्ञेने फाइलमधूनच घालणे हितावह आहे. संकेतस्थळावरून किंवा दुसऱ्या खिडकीतून उचलून चिकटवलेले चित्र हे पुष्कळदा पडद्यापुरते लहान केलेले रूप असते.

स्लाइड शोचा व्हिडिओ करणे

संगीत जोडण्यासाठी किंवा महाजालावर टाकण्यासाठी स्लाइड शोचे व्हिडिओत रूपांतर केले जाते. सुस्पष्टतेच्या दृष्टीने हा सर्वांत खर्चिक टप्पा आहे. पूर्ण एचडी चित्र सेकंदाला २५ वेळा कोणतीही काटछाट न करता पाठवायचे, तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट लागतात. यूट्यूबने या आकारासाठी सुचवलेला सामान्य दर सेकंदाला ८० लाख बिट आहे, म्हणजे सुमारे दीडशेपटींनी कमी. स्थिर छायाचित्राला हे परवडते, कारण पहिल्या चौकटीनंतर बदल काहीच नसतो आणि उरलेले बिट तपशील भरून काढण्यासाठी वापरता येतात. प्रत्येक क्षणी सगळे चित्र बदलत असेल तर ते परवडत नाही.

या कारणाने एका चित्रातून दुसरे विरघळत येणारे संक्रमण चालू असताना दोन्ही चित्रे मऊ दिसतात आणि संक्रमण संपल्यावर सावकाश स्वच्छ होतात. संक्रमण आटोपशीर ठेवून प्रत्येक छायाचित्र चार-पाच सेकंद स्थिर राहू दिले तर डोळ्याला स्वच्छ रूप मिळते. छायाचित्रावर हळूहळू जवळ जाण्याचा किंवा सरकण्याचा परिणाम अमेरिकन माहितीपटकार केन बर्न्स यांच्या नावाने ओळखला जातो. त्यासाठी पिक्सेलांचा साठा जास्त लागतो. १९२० पिक्सेलांच्या पडद्यावर दीडपट जवळ जायचे तर छायाचित्र २८८० पिक्सेल रुंद हवे. अशा वेळी पडद्याच्या मापाला घटवलेली प्रत वापरू नये. हा परिणाम प्रत्येक छायाचित्रावर लावण्याची हौस मात्र आवरावी. गवत, केस, पानांची जाळी असे बारीक पोत सरकताना चमचमतात आणि बघणाऱ्याचा डोळा शिणतो.

पडदा, प्रोजेक्टर आणि जोडणी

सर्व तयारी नीट करूनही शेवटच्या दहा फुटांत सुस्पष्टता हरवू शकते. संगणकाचा पडदा आणि प्रोजेक्टर एकाच वेळी सारखेच चित्र दाखवत असतील, तर संगणक दोघांना सामायिक असे माप निवडतो. ते प्रोजेक्टरचे मूळ माप असेलच असे नाही. १२८० × ८०० च्या प्रोजेक्टरला १९२० × १०८० चे चित्र पाठवले, तर प्रोजेक्टर ते स्वतःच्या रीतीने घटवतो आणि आधी केलेले सगळे मोजमाप निरर्थक ठरते. प्रदर्शनाच्या मांडणीत जाऊन प्रोजेक्टरसाठी त्याचेच मूळ माप निवडणे हे दोन मिनिटांचे काम आहे. जुन्या व्हीजीए केबलमधून संकेत अॅनालॉग रूपात जातो व लांब केबलमध्ये उभ्या कडांना सावली येते. एचडीएमआय केबलमध्ये हा दोष नसतो.

प्रोजेक्टर तिरपा ठेवला की चित्र समलंब चौकोनासारखे होते. ते यंत्रातील 'कीस्टोन' दुरुस्तीने चौकोनी करता येते, पण ही दुरुस्ती म्हणजे पिक्सेलांची पुन्हा एकदा फेरमांडणी असते आणि बारीक अक्षरांवर तिचा परिणाम लगेच दिसतो. यंत्राखाली दोन पुस्तके ठेवून ते पडद्यासमोर सरळ करणे अधिक चांगले. फोकस जुळवताना छायाचित्र लावू नये. बारीक मजकुराची स्लाइड लावून पडद्याच्या मध्यावर आणि एका कोपऱ्यावर पाहावे. यंत्र तापल्यावर फोकस किंचित सरकतो, त्यामुळे कार्यक्रमापूर्वी दहा-पंधरा मिनिटे ते चालू ठेवून मग जुळवणी करतात.

दूरचित्रवाणी संचांत दोन गोष्टी तपासाव्या लागतात. काही संच चित्र किंचित मोठे करून त्याच्या कडा पडद्याबाहेर ढकलतात. ही सवय जुन्या काचेच्या नळीच्या संचांपासून आली आहे. 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' अशा नावांच्या पर्यायाने ती बंद होते. दुसरी गोष्ट म्हणजे संचातील 'शार्पनेस'चे माप. ते वाढवून ठेवलेले असेल, तर आधीच धार दिलेल्या छायाचित्रांवर झालर उमटते. पेन ड्राइव्हवरून थेट छायाचित्रे दाखवताना काही संच ती आपल्या मूळ मापापेक्षा कमी मापात उघडतात. तसे आढळल्यास संगणक जोडून दाखवावे.

छायाचित्रे गोळा करताना

शाळेचा अमृतमहोत्सव, निवृत्तीचा समारंभ, कुटुंबातील वडीलधाऱ्यांचे सहस्रचंद्रदर्शन अशा प्रसंगांसाठी छायाचित्रे अनेकांकडून मागवली जातात, आणि ती आता बहुधा व्हॉट्सॲपवरून येतात. साध्या रीतीने पाठवलेले छायाचित्र तेथे घटवून व दाबून पुढे जाते. ते दुसऱ्याने तिसऱ्याला पाठवले की मूळ फाइल कोणाकडे आहे, याचाच पत्ता लागत नाही. २०२३ पासून तेथे एचडी दर्जाचा पर्याय मिळू लागला. पण त्यातही छायाचित्र मूळ रूपात जाईलच असे नसते. मूळ फाइल जशीच्या तशी हवी असल्यास ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवण्यास सांगावे, किंवा ई-मेल अथवा पेन ड्राइव्हने घ्यावी.

कागदावरील जुन्या छायाचित्रांचे मोबाइलने काढलेले छायाचित्र सोयीचे असले, तरी त्यात काचेची चकाकी, वाकडेपणा आणि हाताची हालचाल येते. सपाट स्कॅनरवर ४ × ६ इंचाचे छायाचित्र इंचामागे ३०० ठिपक्यांनी घेतले तर १८०० × १२०० पिक्सेल मिळतात, ते पूर्ण एचडी पडद्याला पुरतात. ६०० ने घेतले तर ३६०० × २४०० मिळतात आणि गटछायाचित्रातील एखादा चेहरा कापून वेगळा दाखवता येतो. पासपोर्ट आकाराच्या, म्हणजे ३५ × ४५ मिलिमीटरच्या छायाचित्रातून ६०० नेही जेमतेम ८३० × १०६० पिक्सेल मिळतात. त्यासाठी १२०० हे माप घ्यावे, आणि छायाचित्र पूर्ण पडद्यावर न ताणता रिकाम्या पार्श्वभूमीवर लहानच ठेवावे. वर्तमानपत्रातील छायाचित्र ठिपक्यांच्या जाळीने छापलेले असते. ते स्कॅन केल्यावर लाटांचे पट्टे दिसतात, म्हणून स्कॅनरच्या आज्ञावलीतील 'डीस्क्रीन' हा पर्याय चालू करावा लागतो.

स्लाइड शोसाठी घटवलेल्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि मूळ फाइलींची नावे बदलू नयेत. समारंभ संपल्यावर पुष्कळदा सादरीकरणाची एकच फाइल जपून ठेवली जाते आणि गोळा केलेल्या मूळ फाइली मोबाइलमधील जागा मोकळी करण्यासाठी पुसल्या जातात. १०२४ पिक्सेलांच्या प्रोजेक्टरसाठी केलेली ती फाइल पुढच्या पिढीच्या फोर-के पडद्यावर उघडली, तर पडद्याच्या ८३ लाख पिक्सेलांपैकी ७५ लाखांहून अधिक पिक्सेल यंत्राला अनुमानाने भरावे लागतील.